डांबराखालची विद्या

लॅसेल्स पिनॉकचा आयुष्यभर भरवसा दोनच गोष्टींवर होता, स्वतःवर आणि डांबरावर. दोघांत भांडण लागलं असतं, तर त्याने बहुधा डांबराची बाजू घेतली असती.

ओल्ड हार्बर बे या त्याच्या गावचे कोळी होडीच्या फटी बुजवायला जे डांबर तापवतात, तेच तो डबाभर आणायचा आणि आपल्या खोक्यांत ओतायचा. भिंतीएवढे स्पीकर रचून नाच उभा करणाऱ्या साउंडवाल्यांना तो प्री-अँप, म्हणजे आवाज स्पीकरकडे जाण्याआधी त्याला वळण देणारं यंत्र, बनवून द्यायचा. सगळे त्या यंत्राला नुसतं 'पिनॉकचं खोकं' म्हणत. आतले भाग जोडून झाले, आवाज तपासून झाला, की वरून डांबर. ते थंड झालं की विद्या कायमची झाकली. यात त्याला कोणी विक्षिप्त म्हणत नसे, कारण या धंद्यात सगळ्यांची रीत तीच. गाणी वाजवणारा तबकडीवरचं लेबल खरवडून टाकी, शेजारच्या साउंडवाल्याला गाण्याचं नाव कळू नये म्हणून. खोकी बनवणारा चिपवरचे आकडे घासून काढी. सर्किटाची आकृती कागदावर काढून ठेवणारा माणूस म्हणजे दार उघडं टाकून चर्चला जाणारा माणूस. लॅसेल्सने बहात्तर वर्षांत एकदाही दार उघडं टाकलं नव्हतं.

आणि नोटीस नेमकी त्या बंद दारावरच आली.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने, आयसिल्डाने, फोन हातभर लांब धरला. चष्मा असूनही तो कपाळावर ठेवायची तिची जुनी खोड. "'निवेदकाचा आवाज सुरू होताच संगीताची पातळी आपोआप खाली आणणारी, आणि तो आवाज थांबताच त्याचा प्रतिध्वनी वर उचलणारी रचना ही आमच्या अशिलाची पेटंटप्राप्त मालमत्ता असून...' पुढे सगळ्या धमक्याच आहेत."

"मालमत्ता! कधीपासून?"

"दोन हजार नऊ."

"दोन हजार नऊ साली त्यांना शोध लागला, की माणूस बोलायला लागला की गाणं बारीक करावं?"

"दुपारी रेडिओवर मयतांची नावं सांगतात तेव्हा मी तुझा टेप बारीक करते," आयसिल्डा म्हणाली. "मलाही नोटीस येईल का, मिस्टर पिनॉक?"

नोटीस मुळात आली होती ब्रुकलिनला, ऑर्व्हिलला. हा आयसिल्डाच्या मावसबहिणीचा मुलगा. तिथे साउंडच्या सामानाचं दुकान चालवायचा आणि वर्षाला लॅसेल्सची चारपाच खोकी विकायचा. यंदाची चार तयार होऊन टेबलावर बसली होती, पुसून, बोटाचा ठसाही न ठेवता. अमेरिकेतल्या कुठल्याशा कंपनीने ऑर्व्हिलला कळवलं होतं, की ही खोकी विकलीस तर कोर्टात भेटू.

संध्याकाळी ऑर्व्हिलचा फोन आला.

"अंकल लॅस, चिडून उपयोग नाही. आपल्या वकीलबाईंना एकच गोष्ट हवीय. दोन हजार नऊच्या आधीचा कागद. त्यात ही युक्ती दाखवलेली पाहिजे, त्यावर तारीख पाहिजे, आणि तो कागद कुणालाही बघायला मिळत होता असं पाहिजे."

"कागद कशाला? अख्खं गाव साक्षीला आहे. चौऱ्याऐंशी साली किंग ब्रेडफ्रूट साउंडच्या नाचात हे खोकं पहिल्यांदा लागलं. टेपा आहेत त्या नाचाच्या!"

"टेपेवर गाणं खाली गेलेलं ऐकू येतं, अंकल. पण ते खोक्याने केलं, की कुणी हाताने बटण फिरवलं, हे कसं कळणार?"

"कुणाला कळू नये म्हणूनच तर डांबर ओतलं!"

"बाई तेच म्हणतात. तुम्ही इतकं झकास लपवलंत, की तुम्ही ते केलं होतं हे आता फक्त देवाला माहीत. आणि देवाची सही आणता येत नाही." ऑर्व्हिल जरा थांबला. "तीन आठवडे आहेत. नाहीतर ती युक्ती काढून टाका आणि खोकी पाठवा. बाकीचं खोकं चांगलंच आहे की. मी विकेन."

लॅसेल्सने फोन ठेवला. बाकीचं खोकं चांगलंच आहे! म्हणजे कोंबडा उत्तमच आहे, फक्त आरवणं तेवढं काढून पाठवा. त्या खोक्यात एक चिमुकला दिवा होता आणि त्याच्यासमोर उजेड ओळखणारा एक डोळा. माइकमध्ये शब्द पडला की दिवा उजळे, डोळा ते बघे आणि गाण्याला दोन पावलं मागे सारी. शब्द संपला की दिवा विझे, गाणं परत पुढे येई, पण मधल्या फटीतून शेवटच्या शब्दाचे पडसाद निसटून वर येत. ही फट जमवायला त्याला अकरा महिने लागले होते. नाचाला आलेल्या बायका त्या पडसादावर ज्या ओरडत, तीच त्याची पदवी, तेच प्रमाणपत्र. ते खोक्यातून काढायचं म्हणजे उरलेल्या आयुष्यात त्याने आपल्या हाताने मुकी खोकी बनवायची, आणि तीही कुणाच्या तरी हुकुमावरून.

त्याने आठवडाभर घर उपसलं. मिळालेला एकमेव कागद म्हणजे चौऱ्याऐंशी सालचं डांबराचं बिल. हिशेब स्वच्छ होता: लपवण्याची पावती होती, लपवलेल्याची नव्हती.

आठव्या दिवशी आयसिल्डा मागच्या अंगणात माशाचे खवले काढत होती. तो पायरीवर हात गुडघ्यांत घालून बसला होता. ती मान वर न करता म्हणाली, "एव्हरल्ड त्याच प्रश्नात गेला होता."

एव्हरल्ड तिचा धाकटा भाऊ. "कुठल्या प्रश्नात?"

"पाचव्या. 'माइकवर बोलणं सुरू होताच गाणं आपोआप खाली आणणाऱ्या सर्किटची आकृती काढा. गुण वीस.' एक्क्याण्णव साली, ब्रिसेट मास्तरांच्या संध्याकाळच्या वर्गात. त्याची प्रश्न-उत्तरांची छापील पुस्तिकासुद्धा होती."

लॅसेल्स उभा राहिला. मग बसला. "सव्वीस वर्षं तू हे मला सांगितलं नाहीस?"

"तुझा रक्तदाब मला ठाऊक होता. आणि माझा भाऊ हॉपटन ब्रिसेटच्या वर्गात जातो हे कळलं असतं, तर तू त्याला या घरात मासा वाढू दिला असतास?"

नसता दिला. हॉपटन ब्रिसेटने शहाऐंशी साली धंदा बुडालेल्या एका साउंडवाल्याकडून पिनॉकचं खोकं विकत घेतलं होतं आणि तीन महिने रॉकेल आणि बर्फ फोडायचा टोच्या घेऊन त्यातलं डांबर कणाकणाने काढलं होतं. पुढच्या नाताळाला ब्रिसेटची खोकी बाजारात आली, तीच करामत करणारी. लॅसेल्सने भर मासळीबाजारात त्याला चोर म्हटलं, आणि त्यानंतर एकतीस वर्षं दोघांत एक शब्द झाला नव्हता. तेवढ्या काळात चोराचा मास्तर झाला, मास्तराचा हेडमास्तर झाला आणि शेवटी सरकारने त्याला जस्टिस ऑफ द पीस केलं. म्हणजे गावातल्या माणसांचा खरेपणा त्याच्या शिक्क्यावर ठरू लागला. हे गणित लॅसेल्सला कधीच सुटलं नव्हतं.

"एव्हरल्ड नापास का झाला?" त्याने विचारलं.

"आकृतीत तारेची गुंडाळी होती म्हणे. त्याने चाळीस वेढे लिहिले. मास्तरांनी तांबड्या शाईने लिहिलं, 'एकेचाळीस! हा या सर्किटचा प्राण आहे.'"

लॅसेल्स असा हसत सुटला की आयसिल्डाने सुरी खाली ठेवली.

"काय झालं तुला?"

"एकेचाळीस!" त्याने डोळे पुसले. "अगं, ती गुंडाळी काहीच करत नाही. दोन्ही टोकं एकाच ठिकाणी जोडलीत. घरातून निघालेला रस्ता त्याच घरात येतो. वीज कशाला त्यावर चालेल? ती मी चोरासाठी घातली होती. कोणी फोडलंच खोकं, तर बसू दे वेढे मोजत."

"आणि त्यापायी माझा भाऊ नापास झाला."

यावर हसणं थांबवणं भाग होतं.

रविवारी चर्चनंतर दोघं ब्रिसेटच्या घरी गेले. आयसिल्डाच्या हातात तळलेला मासा आणि बॅमी, म्हणजे कंदाच्या पिठाच्या जाड भाकऱ्या, यांचं पुडकं होतं. रिकाम्या हाताने शत्रूकडेही जाऊ नये, असं तिचं म्हणणं. ब्रिसेट ओसरीवर बसला होता, रविवारच्या इस्त्रीच्या शर्टात, एकटाच डॉमिनो मांडून. त्याची बायको जाऊन चार वर्षं झाली होती, आणि एकट्याने डॉमिनो खेळणारा माणूस हरतो की जिंकतो हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"बस, पिनॉक," तो म्हणाला, जणू कालच भेटले होते. "लिंबाचं सरबत?"

"मी प्यायला आलो नाही."

"मग उभ्याने पी. बाई, तुम्ही बसा."

आयसिल्डाने सगळं सांगितलं. लॅसेल्सला बोलू दिलं असतं तर पहिल्या वाक्यातच मासळीबाजार आला असता. ब्रिसेट ऐकत गेला तसा ताठ होत गेला. "पेटंट? यावर? हा तर मी पहिल्या वर्षाच्या पोरांना घालायचो, सोपा प्रश्न म्हणून!" तो आत गेला आणि पिवळी पडलेली पुस्तिका घेऊन आला. संध्याकाळचे वर्ग भरत त्या प्रशिक्षण केंद्राच्या वाचनालयाचा शिक्का, नोंदीची तारीख, ऑक्टोबर एक्क्याण्णव. पहिल्याच पानावर वाचकांनी पुस्तक नेल्या-आणल्याची चिठ्ठी, तिच्यावर नऊ तारखा.

आयसिल्डाने चष्मा कपाळावरून खाली ओढला. "मास्तर, शेवटची तारीख चौऱ्याण्णवची आहे. हे तुम्ही परत केलंच नाही."

"राहून गेलं."

"जस्टिस ऑफ द पीसचं राहून जातं?"

"बाई, पुढच्याच वर्षी त्या खोलीत पुराचं पाणी शिरलं. कपाटंच्या कपाटं गेली. मी परत केली असती तर आज हीसुद्धा नसती."

"दुसऱ्याचं सामान तुझ्याकडे टिकतं बाकी छान," लॅसेल्स म्हणाला. त्याने पान उलटलं. तिथे होतं सगळं: दिवा, डोळा, फट, आणि कोपऱ्यात ती गुंडाळी, शेजारी नीटस अक्षरांत एकेचाळीस. वर ठळक मथळा: 'ब्रिसेट रचना'. त्याने उभ्यानेच सरबत संपवलं.

"देतोस?" त्याने विचारलं.

"देतो. पण आधी एक सांग." ब्रिसेट पुढे झुकला. इतका वेळ हेडमास्तर बोलत होता, आता टोच्या घेऊन बसलेला तरुण बोलू लागला. "ती गुंडाळी काय करते?"

"काही नाही."

"पिनॉक, मी पुस्तिका द्यायला तयार आहे. तू एवढंसं सांगायला तयार नाहीस?"

"अरे, खरंच काही करत नाही! चकवा आहे तो."

"अजून लपवतोस!" ब्रिसेटने टेबलावर हात आपटला, डॉमिनो उडाले. "एकतीस वर्षं! मी सगळी पुस्तकं चाळली. सगळी सांगतात, अशी गुंडाळी निरुपयोगी. मलाही ते दिसत होतं, मी काय आंधळा आहे? पण मी म्हटलं, पुस्तकवाल्यांना काय कळतंय, ही पिनॉकने घातलीय. पिनॉक वीतभर तार उगाच वाया घालवणारा माणूस नाही. आणि तू माझ्या ओसरीवर उभा राहून म्हणतोस, काही नाही!"

गावाने लॅसेल्सला हुशार म्हटलं होतं, चिक्कू म्हटलं होतं, हट्टी म्हटलं होतं. पण आपल्या डोळ्यांवर आणि छापील पुस्तकांवर अविश्वास दाखवून कोणी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता, आयसिल्डानेही नाही. ठेवला तो या चोराने. आणि त्याच विश्वासापायी आता पुस्तिका अडून बसली होती.

"शपथ घेऊ?"

"तुझ्या शपथेवर मी माझा शिक्का मारणार नाही."

खरं सांगून पटत नसेल तर दाखवावं लागतं, आणि दाखवायचं म्हणजे उघडायचं. लॅसेल्सला हे कळायला ओसरीची एक चक्कर पुरली. कबूल व्हायला आणखी तीन लागल्या. मग तो टॅक्सी करून घरी गेला आणि चारांतलं एक खोकं मांडीवर घेऊन परत आला.

ब्रिसेटने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, रॉकेल आणलं आणि कुठूनतरी तो जुना टोच्याही. लॅसेल्सने झाकण काढलं. काळं, गुळगुळीत डांबर, त्यात पंख्याचं प्रतिबिंब. त्याचा हात टोच्यावर ठरला, पण पुढे सरकेना.

"दे मी काढते," आयसिल्डा म्हणाली. "खवलेच काढायचे ना?"

"गप्प बस, बाई," तो म्हणाला आणि पहिला घाव घातला.

काम दोन तास चाललं. ब्रिसेटने सुरुवातीला हात मागे बांधून ठेवले होते. अर्ध्या तासाने तो "तिथे नको, दिवा फुटेल" म्हणाला. तासाने चिंधी रॉकेलमध्ये बुडवून देऊ लागला. दिवा दिसला तेव्हा दोघंही एकदमच खाली वाकले आणि डोक्यावर डोकं आपटलं. शेवटी ती गुंडाळी बाहेर आली, तांब्याची, चकचकीत.

"या नव्या खोक्यातही घातलीस?"

"सवय," लॅसेल्स म्हणाला. त्याने कात्रीने दोन्ही टोकं तोडली आणि गुंडाळी ब्रिसेटच्या तळहातावर ठेवली. मग रेडिओ जोडला, छोटा स्पीकर जोडला आणि माइक त्याच्यासमोर धरला. "बोल."

गाणं चालू होतं. ब्रिसेट माइकमध्ये म्हणाला, "मी हॉपटन ब्रिसेट." गाणं अदबीने दोन पावलं मागे सरलं. तो थांबला आणि त्याचं नाव वर उठलं, ब्रिसेट, सेट, सेट, आणि गाण्यात विरून गेलं. त्याने आणखी एकदा नाव घेतलं. मग तिसऱ्यांदा. मग हातातले वेढे मोजले, एकेचाळीसच भरले.

त्याने गुंडाळी पुस्तिकेवर ठेवली आणि दोन्ही आपल्याकडे ओढली. लॅसेल्सला वाटलं, आता पुस्तिका गेली.

"एव्हरल्डचे वीस गुण," ब्रिसेट म्हणाला.

"काय?"

"द्यायला हवे होते मी."

"सहा गुणांनी गेला होता तो," आयसिल्डा म्हणाली आणि माशाचं पुडकं सोडलं. कोणीतरी जेवण वाढायलाच हवं होतं.

पुस्तिकेबरोबर एक निवेदन जोडायचं ठरलं, आकृती मुळात कुठून आली त्याचं. ब्रिसेटने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मी श्री. पिनॉक यांच्या खोक्याचा अभ्यास केला.'

"चोरी केली," लॅसेल्स म्हणाला.

"अभ्यास."

"चोरी."

"'डांबर खरवडून पाहिलं' असं लिहा," आयसिल्डा म्हणाली. "घडलं ते तेवढंच. नाव काय द्यायचं ते वकीलबाई देतील."

तसंच लिहिलं गेलं. स्वतःच्या निवेदनावर स्वतःचा शिक्का चालत नसल्यामुळे सोमवारी दोघांना दुसऱ्या जस्टिसकडे स्पॅनिश टाउनला जावं लागलं, सहा माणसं कोंबलेल्या टॅक्सीत, मांडीला मांडी लावून. आणि एकतीस वर्षांचं राहिलेलं बोलणं त्या एका फेरीत संपेना, तेव्हा येताना ते मुद्दाम लांबच्या रस्त्याने आले.

ऑर्व्हिलचा फोन आला तो पाच आठवड्यांनी. तेव्हा लॅसेल्स ब्रिसेटच्या ओसरीवरच होता.

"झालं, अंकल! पुस्तिका बघून त्यांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं. या खोक्यांविषयी आमची काही तक्रार नाही. चारही पाठवा, जशीच्या तशी."

लॅसेल्सने डोळे मिटले. चारही, आवाजासकट. मग डोळे उघडले. "आणि त्यांचं पेटंट?"

"ते आहे तसंच आहे. ते रद्द करायचं तर वेगळं प्रकरण करावं लागेल."

"म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला नोटीस धाडतील?"

"धाडतील की. पण तुम्हाला नाही ना!"

लॅसेल्सने आनंदाने फोन ठेवला आणि मिनिटभरात परत धुमसू लागला. "बघ, मास्तर. मला सोडलं. पण जी गोष्ट या गावातल्या कोळणीलाही कळते, तिचे मालक मात्र तेच!"

ब्रिसेट आपल्या टॅब्लेटवर बोट फिरवत होता. "तू धुमसतोस ते एकावर. मी कालपासून असल्या पेटंटांची यादी वाचतोय. ऐक. 'गाण्यातला खालचा थर क्षणभर पूर्णपणे काढून श्रोत्यांची उत्कंठा वाढवणे आणि नंतर तो पूर्ववत करणे, याची पद्धत.'"

"म्हणजे बेस काढायचा आणि परत टाकायचा?"

"दोन हजार तेराला शोध लागलाय."

"अरे, सत्त्याहत्तर साली मी किंग ब्रेडफ्रूटचा बेस काढला तेव्हा एका माणसाच्या हातातली बाटली पडली होती! त्या माणसाला मी ओळखतो, जिवंत आहे तो!"

"बाटलीवर तारीख होती?"

"नव्हती."

"मग माणसाचा उपयोग नाही. कागद शोधावा लागेल." ब्रिसेटने खुर्ची सावलीत सरकवली आणि दुसरी लॅसेल्ससाठी ओढली. "माझ्याकडे त्र्याण्णवच्या परीक्षेचे पेपर आहेत, माळ्यावर. आज नाही, गुडघे दुखतात. गुरुवारी येतोस?"

"यादीत किती आहेत असे?"

"मी चाळीस मोजले आणि जेवायला उठलो."

लॅसेल्सने मनातल्या मनात हिशेब केला: गुरुवारी एक, वर्षाचे बावन्न, चाळीस म्हणजे काहीच नाही, दुसरी यादी लागेल. त्याने बरेच दिवसांत इतका चांगला हिशेब केला नव्हता.

"येतो," तो म्हणाला, "पण पुढचा आत्ताच वाच. गुरुवारपर्यंत चिडायला काहीतरी हवं."